शहपुऱ्यातील भाड्याचे घर आणि कायद्याचे छत्र

जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या मार्गावर, नर्मदाखोऱ्यातील काळ्या जमिनीत, शहपुरा हे तहसिलीचे गाव वसले आहे. भोपाळमधील तलावाकाठची शहपुरा वसाहत आणि दिंडोरी जिल्ह्यातील शहपुरा यांहून ते निराळे. जवळच्या रेल्वेस्थानकावरून लोक त्यास शहपुरा-भिटौनी म्हणतात. हिवाळ्यात हिरव्या मटाराने येथील बाजार भरतो, तेलाच्या आगारामुळे टँकरांची वर्दळ असते आणि कचेरी, शाळा, बँका यांमध्ये बदलीवर येणाऱ्या नोकरदारांना दोन खोल्यांचा आसरा शोधावा लागतो. भाडे किती, अनामत किती, पाणी केव्हा येते, एवढे विचारून हा मनुष्य सामान आत घेतो. परंतु उद्या मालकाची मर्जी फिरली तर आपल्याला कोणत्या कायद्याचा आधार आहे, हा प्रश्न तो विचारीत नाही, आणि माझ्या मते घर पाहताना सर्वांआधी विचारावयाचा प्रश्न तोच होय.

या प्रश्नाचा इतिहास नागपूरकर वाचकाला परका वाटू नये. जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची जी विलक्षण टंचाई उद्भवली तिच्या निवारणार्थ 1949 साली निघालेला घरभाडे नियंत्रण आदेश दोहोंनाही लागू होता. नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज मालकाला भाडेकरार संपविण्याची नोटीससुद्धा देता येत नसे, आणि जागा रिकामी झाल्याची वर्दी सरकारदरबारी दिल्यावर ती जागा सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला नेमून देण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे ठेवला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले व तेथे उच्च न्यायालय आले. विदर्भात तो जुना आदेश 31 मार्च 2000 पर्यंत, म्हणजे महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात येईतो, चालू राहिला. मध्यप्रदेशाने मात्र 1961 सालीच आपला स्वतंत्र स्थान नियंत्रण अधिनियम केला.

हा अधिनियम घर शोधणाऱ्याने बारकाईने वाचावा. तो राज्यभर सरसकट लागू नाही. पहिल्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांत तो आरंभी अमलात आला आणि इतरत्र अधिसूचनेने आणावयाचा, अशी त्याची रचना आहे, म्हणून आपण पाहत असलेले घर अशा क्षेत्रात मोडते काय, याची खातरजमा तहसील कचेरीत किंवा जाणत्या वकिलाकडे प्रथम करून घ्यावी. पाठोपाठ मालक कोण हे पाहावे, कारण सरकारी मालकीच्या जागेला हे छत्र नाही आणि काही प्रकारच्या जागा अधिसूचनेने वगळण्याची मुभा शासनाने राखून ठेवली आहे. या दोन कसोट्यांना घर उतरले, म्हणजे कलम 12 चे संरक्षण मिळते: कायद्यात गणलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध झाल्यावाचून बेदखली होत नाही. भाडे थकले तरी मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिने हाती असतात. दावा दाखल झालाच, तर समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत थकबाकी भरून पुढे प्रत्येक महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भाडे भरीत गेले पाहिजे. मालकाने घर विकले तर नव्या मालकाला, स्वतःच्या गरजेचे कारण पुढे करून, खरेदीपासून एक वर्ष उलटल्याखेरीज दावा आणता येत नाही.

अकरा महिन्यांच्या करारनाम्याविषयी मोठा गैरसमज आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ती टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. परंतु जेथे हा अधिनियम लागू आहे तेथे मुदत संपली एवढ्यानेच भाडेकरूचा हक्क संपत नाही. दमादीलाल विरुद्ध परशराम या मध्यप्रदेशातीलच दाव्यात 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने असा हक्क वारसांनाही पोचतो, असे ठरविले. या हक्काचा पुरावा मात्र बहुधा एका चतकोर कागदावर अवलंबून असतो. तारीख, महिना, रक्कम आणि सही असलेली पावती कायद्याने देय असूनही पुष्कळ ठिकाणी भाडे रोखीने, वहीतल्या एका ओळीवर चुकते होते, आणि ती वही राहते मालकाच्या कपाटात! पावती मागण्यात संकोच कसला? मालक भाडे घेईनासा झाला तर ते या अधिनियमाखालील नियंत्रण अधिकाऱ्याकडे जमा करण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे, आणि तिचा उपयोग वेळीच करावा.

मालकाची बाजू मी नाकारीत नाही. मुंबईत 1940 सालच्या भाड्यावर दर गोठले आणि जुन्या चाळींच्या भिंतींना डागडुजीपुरताही पैसा मिळेनासा झाला. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या गोठवणुकीला अवाजवी ठरविले आणि 1999 च्या महाराष्ट्र कायद्याने दरसाल 4 टक्के वाढ मान्य केली. मध्यप्रदेशाच्या अधिनियमातही जुन्या घरांचे प्रमाणभाडे 1 जानेवारी 1948 च्या भाड्याशी बांधलेले आहे, आणि सतत घटणाऱ्या पैशाच्या काळात अशी तारीख घराला जीर्ण करते. म्हणून 1983 च्या दुरुस्तीने विधवा, अपंग आणि निवृत्त सरकारी नोकर अशा मालकांना नियंत्रण अधिकाऱ्यापुढे जलद दाद मागण्याची सोय दिली, हे मला न्याय्य वाटते. तोफगाड्यांच्या कारखान्यामुळे 1904 पासून सरकारी नोकरांचे शहर बनलेल्या जबलपूरच्या परिसरात निवृत्तीच्या पैशातून बांधलेली घरे थोडी नाहीत. अशा मालकाच्या घरात राहणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की, समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर त्याची कैफियत ऐकलीच जात नाही.

आता पुराव्याच्या प्रश्नाकडे परत वळू. न्यूयॉर्क शहरात मुख्यतः 1974 पूर्वीच्या, सहा किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींना भाडेस्थैर्याचा कायदा लागू आहे, आणि तेथील भाडेकरू राज्याच्या गृहखात्याकडे अर्ज करून आपल्या घराच्या भाड्याचा पूर्वेतिहास मागवू शकतो. आपल्याकडे हे अशक्य का असावे? 1961 च्या अधिनियमाने 1948 चे भाडे ठरविताना नगरपालिकेच्या आकारणी-वहीवरही विश्वास टाकला होता. शहपुऱ्याच्या नगर परिषदेने आपल्या कर-आकारणीच्या नोंदीत घर भाड्याने दिले आहे काय, केव्हापासून व किती भाड्याने, एवढे तीन रकाने भरून घेतले आणि त्यांचा उतारा अल्प फीवर त्या घरच्या भाडेकरूला देऊ केला, तर पावती हरवलेल्या कुटुंबालाही न्यायालयात उभे राहण्यास कागद मिळेल. यासाठी नवा कायदा लागणार नाही. परिषदेचा एक ठराव आणि दरसाल नोंद तपासणारा एक कारकून पुरेसा आहे.