जुनी जीप घेताना

जुनी वस्तू विकत घेणाऱ्याचा एक हात खिशावर असतो आणि दुसरा काळजावर. भांडे, कपाट किंवा घड्याळ घेताना काळजाचे ऐकले तरी फारसे बिघडत नाही. घड्याळ मागे पडले, तर शेजाऱ्यास वेळ विचारता येते. परंतु ज्या वस्तूच्या भरवशावर घरातील वृद्ध माणसास पावसाळी रात्री घाटी चढवून न्यावयाचे आहे, ती निवडताना कोणत्या हाताचे ऐकावे, हा प्रश्न विनोदाचा राहत नाही.

गुहागर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न आम्हांस पत्राने विचारला आहे. त्याचे घर मुख्य रस्त्यापासून खाली वाडीत आहे. मधली दीड किलोमीटरची वाट जांभ्या दगडाची व लाल मातीची असून आषाढ-श्रावणात तिच्यावर साधी मोटार जागीच चाके फिरवीत उभी राहते. घरी ८२ वर्षांच्या मातोश्री आहेत. त्यांच्या हृदयविकारासाठी वरचेवर चिपळूण गाठावे लागते. वडिलांच्या हयातीत घरी हिरवी जीप होती. तशीच, त्याच रंगाची, चाळीस वर्षांची एक जीप आता विकावयास निघाली आहे आणि चिरंजीवांचे मन तिच्यावर जडले आहे. सूनबाईंचे म्हणणे असे की, चार दारांची व पक्क्या टपाची अलीकडची गाडी पाहावी. "सर, भावना पाहू की व्यवहार?" असा त्याचा सवाल आहे. पुष्कळ घरांत हा वाद या ना त्या रूपाने होत असल्यामुळे उत्तर येथेच देणे आम्हांस बरे वाटले.

कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्यास श्रेय व प्रेय यांतील भेद सांगितला आहे. तो येथे लावून भावना म्हणजे प्रेय व व्यवहार म्हणजे श्रेय, असा निकाल देणे सोपे आहे. परंतु तो न्याय्य होणार नाही. पित्याची आठवण ही काही क्षुद्र वस्तू नव्हे. विचारावयाचे ते इतकेच, की त्या आठवणीचा मान कशाने राहतो?

जीप जन्मास आली ती कोणाच्या हौसेखातर नव्हे. १९४० साली अमेरिकन सैन्यास हलकी, कणखर व चारही चाकांनी ओढणारी गाडी तातडीने हवी होती. बँटम कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज व फोर्ड या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. तिला शोभेचा एकही अवयव नव्हता. पत्रा सपाट, दारे नाहीत, टप कापडाचा. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी ती भारतात आणली आणि खेड्यापाड्यांत, धरणांच्या कामांवर व जंगलखात्यात ती रुळली, याचे कारण त्या वाटांवर दुसरे वाहन टिकत नव्हते. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी जीप घेतली तीही ह्याच हिशेबाने. आज मुलास जी वस्तू भावनेची वाटते, ती बापाने निखळ व्यवहाराने निवडलेली होती. मग पित्याचे अनुकरण करावयाचे ते त्याच्या वस्तूचे, की त्याच्या विवेकाचे?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न असा की, चारही चाकांची ओढ खरोखर हवी आहे काय? साध्या मोटारीत इंजिनाचे बळ दोनच चाकांस मिळते. ती चिखलात फिरू लागली की गाडी खुंटते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत एका दांड्याने ते बळ पुढील व मागील अशा दोन्ही आसांस जोडता येते. शिवाय 'लो' नावाची आणखी एक पायरी असते. तीत चाके सावकाश पण अधिक जोराने फिरतात, म्हणून भरलेली गाडी खड्या चढावर न धापता चढते आणि उतारावर इंजिनाच्या आधाराने हळूहळू उतरते. मात्र ही ओढ गाडी चालविण्यास साहाय्य करते, थांबविण्यास नव्हे. ब्रेक प्रत्येक मोटारीचे चारही चाकांस असतात. निसरड्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह अधिक लवकर थांबेल, हा समज घातक आहे. ज्यांची वाट केवळ खाचखळग्यांची आहे पण निसरडी नाही, त्यांचे काम जमिनीपासून उंच असलेल्या साध्या गाडीने व चांगल्या टायरांनी भागते. आमच्या विद्यार्थ्याच्या घाटीस मात्र ही ओढ हवीच.

दुसरा प्रश्न, गाडीत बसणार कोण? जुन्या जीपमध्ये मागची बाके आडवी, एकमेकांसमोर असतात. जिप्सी ही गाडी १९८५ साली आली व २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. तिच्यातही बहुधा हीच व्यवस्था आहे. २०२० च्या नव्या थारमध्ये मागची आसने समोर तोंड करून आहेत, पण बाजूंस दारे दोनच असल्यामुळे पुढचे आसन वाकवून मागे शिरावे लागते. स्कॉर्पिओच्या काही प्रकारांत फोर-व्हील-ड्राइव्ह मिळत असे, आणि २०२३ साली आलेल्या जिम्नीत ती 'लो'सह सर्वच प्रकारांत आहे. ह्या दोहोंस मागच्या माणसांसाठी स्वतंत्र दारे आहेत.

आम्ही विद्यार्थ्यास लिहिले की, वाद पुरे. मातोश्रींना दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांत प्रत्यक्ष बसवून पाहा. त्याने तसे केले. जीपमध्ये चढताना त्यांना दोघांचे हात लागले. बसल्यावर त्यांनी लोखंडावरून हात फिरविला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गाडी त्यांच्यासारखीच आहे रे. पण रात्री माझ्या छातीत दुखू लागले, तर तू मला चढवशील की गाडी काढशील?" आतापर्यंत घरात त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

गाडीची जात ठरली तरी ती विशिष्ट गाडी तपासावयाची राहतेच. आमच्या शाळेतून शिकून गेलेले व आज स्वतःचे गॅरेज चालविणारे एक गृहस्थ आम्हांस जे सांगतात, ते थोडक्यात देतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. गरम इंजिन आपले दुखणे लपविते. खाली वाकून चॅसी पाहावी. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड आतून खाल्ले जाते. ताजा काळा रंग दिसला तर आनंद मानू नये, लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. पाटे तुटलेले वा एका बाजूस बसलेले नसावेत. डिफरन्शियलचे तेल दुधट दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेहरा जीपचा आहे म्हणून चारही चाके ओढतात, असे गृहीत धरू नये. मागील दोनच चाकांनी चालणाऱ्या जीपही पुष्कळ होत्या. थारसुद्धा २०२३ पासून त्या प्रकारात मिळते. कित्येक जुन्या गाड्यांचा पुढचा शाफ्ट कोणीतरी कधीच काढून ठेवलेला असतो. म्हणून मोकळ्या मातीत नेऊन दांडा टाकावा आणि पुढची चाके ओढतात की नाही, हे दुसऱ्या माणसास बाहेर उभे करून पाहावे. ही परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांहून लांबचा मार्ग चालतात. दोन्ही आस एकत्र बांधलेले असले व चाकांस घसरण्यास जागा नसली, तर सारा ताण यंत्रावर येतो. त्याच कारणास्तव चारही टायर एका मापाचे व सारखे झिजलेले असावेत.

यानंतर कागद. आर. सी. वरील इंजिनाचे व चॅसीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत. जुन्या जीपमध्ये दुसरेच इंजिन बसविण्याची चाल फार आहे. तशी नोंद नसेल तर तो बदल बेकायदा ठरतो. मूळ बनावटीशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले आहे. मालकी बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात, कर्ज फिटले असल्यास ३५, आणि गाडी परराज्यातील असल्यास २८. विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते व महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले होते. तेव्हा स्वस्तात मिळालेली जुनी जीप स्वस्तात राहीलच, असे नाही.

इतके सांगितल्यावर भावनेस घराबाहेर काढावयाचे काय? मुळीच नाही. ज्यांच्यापाशी सवड व पैसा आहे, ज्यांना स्वतः पाना हाती धरण्याची आवड आहे, त्यांनी जुनी जीप अवश्य घ्यावी, तिचा रंग राखावा आणि कोरड्या दिवसांत मुलाबाळांना तीतून हिंडवावे. तिच्यासारखा आनंद नव्या गाडीत मिळत नाही, हे आम्हीही मान्य करतो. फक्त तिचा खर्च घराच्या वहीत हौसेच्या खात्यावर मांडावा, औषधपाण्याच्या खात्यावर मांडू नये. दोन्ही खाती असू शकतात. ज्या घरी एकाच गाडीस जागा आहे, त्या घरी ती गाडी सर्वांत अशक्त माणसाच्या मापाने घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.