आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

केवळ शेतीच्या उत्पन्नावर सबंध घराचा निर्वाह होणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. अशा वेळी हातोदसारख्या गावातील एखादा तरुण, ‘घरीच टी-शर्ट छापण्याचा धंदा काढतो,’ असे म्हणू लागला तर आईबापांना हायसे वाटावे, हे स्वाभाविक आहे. हातोद इंदूर जिल्ह्यातच असल्याने शहराची बाजारपेठ जवळ आहे. महाराजा तुकोजीरावांच्या नावाचा कापडबाजार तेथे आहे आणि परदेशीपुऱ्यात तयार कपडे शिवणारेही आहेत. परंतु धंद्याचा विचार सुरू होतो न होतो तोच पहिला प्रश्न निघतो, ‘यंत्र कोणते घ्यावे?’ आणि दुसरा प्रश्न सुचण्यापूर्वीच आईच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडतात. वाचकहो, हा क्रम उलटा आहे.

यंत्र मोठे असले म्हणजे धंदा टिकतोच असे नाही, हे इंदूरकरांना निराळे सांगायला नको. सर सेठ हुकुमचंदांच्या नावाची प्रचंड कापडगिरणी १९९१-९२च्या सुमारास बंद पडली. आतील यंत्रे गंजून गेली, आणि हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न सुटण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. गिरणीची गोष्ट मोठी खरी. पण आपल्या पडवीतील लहानशा यंत्रालाही तोच नियम लागू आहे. काम नसेल तर यंत्र थांबते, हप्ता मात्र थांबत नाही.

मग निवड कशी करावी? शेजारच्या धार जिल्ह्यातील बाघचे छपाईकार पाहा. मूळच्या सिंधमधील खत्री कुटुंबांपैकी काही मनावरहून १९६२च्या सुमारास बाघ येथे येऊन वसली. छापलेले कापड धुण्यास बाघिनी नदीचे वाहते पाणी तेथे होते. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी लोखंडाचा गंज, आणि ठशांसाठी लाकूड, अशी त्यांची सामग्री. त्यांनी आधी रंग, कापड आणि पाणी यांचा मेळ पाहिला. नव्या छपाईतही पाहावयाचे तेच आहे: कापड कोणते, रंग किती आणि नग किती?

सर्वांत जुनी आणि विश्वासाची रीत म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे लग्नपत्रिका व कापडी पिशव्या याच रीतीने छापल्या जात आल्या आहेत. चौकटीवर जाळी ताणतात आणि तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. त्यावर नक्षीची काळी फिल्म ठेवून प्रकाश पाडला की उघडा भाग घट्ट होतो. काळ्याखालचा लेप पाण्याने निघून जातो. मग त्या मोकळ्या जाळीतून रबराच्या पट्टीने शाई खाली दाबावयाची. छाप टिकाऊ येतो आणि खर्च कमी लागतो. मात्र प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट हवी. प्लास्टिसॉल नावाची शाई तर सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळाल्याखेरीज पक्की होत नाही. नुसती उन्हात वाळवलेली छपाई पहिल्या काही धुण्यांतच दगा देते.

दुसरी रीत डीटीएफची. यात चित्र आधी एका फिल्मवर छापतात, त्यावर चिकट भुकटी वितळवतात आणि मग उष्ण दाबाच्या यंत्राने ते कापडावर उतरवतात. सुती असो वा पॉलिएस्टर, पांढरे असो वा काळे, दोहोंवर ती चालते. रंग कितीही असोत, निराळी चौकट लागत नाही. मात्र तिची पांढरी शाई खाली बसते. यंत्र रोज चालवले नाही तर छपाईची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि दुरुस्ती महाग पडते. आठवड्यातून एकदाच काम असणाऱ्याने हे यंत्र घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

तिसरी रीत सब्लिमेशनची. यात रंगाची वाफ होऊन ती धाग्यातच मुरते, त्यामुळे हाताला छाप जाणवतही नाही. परंतु ती पॉलिएस्टरवरच बसते, आणि तेही पांढऱ्या वा फिक्या. क्रिकेटच्या संघाच्या कपड्यांना ती उत्तम. सुती टी-शर्टवर मात्र पैसा पाण्यात. प्रत्येक खेळाडूचे नाव व आकडा वेगळा हवा असेल, तर व्हिनाइल कापून चिकटवण्याची चौथी रीतही सोयीची आहे. पाचवी, थेट कापडावर छापणाऱ्या डीटीजी यंत्राची. सुती कपड्यावर ती बारीक चित्रे सुरेख उमटवते, पण यंत्र महाग आणि देखभाल नाजूक. नवशिक्याने तिच्या वाटेस न जाणे बरे.

आता हिशेब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. खरे दर बाजारात विचारून घालावेत. समजा, स्क्रीनच्या एका रंगाच्या चौकटीस ६०० रुपये व दर नगास प्रत्येक रंगामागे १० रुपये लागतात. तेच चित्र डीटीएफने दर नगास ६० रुपयांत पडते. एकाच रंगाचे काम असेल तर १२ नगांना दोन्हींचा खर्च सारखाच, म्हणजे ७२० रुपये येतो. त्यापुढे स्क्रीन स्वस्त. दोन रंग असतील तर ही सीमा ३० नगांवर जाते आणि चार रंगांना थेट १२० नगांवर. म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे एकरंगी २०० टी-शर्ट स्क्रीनवर करावेत, आणि वाढदिवसाचे रंगीत १० डीटीएफवर. कोणती रीत श्रेष्ठ, या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणत्या कामाला कोणती, याला आहे.

म्हणून सुरुवात अशी करावी. तीन महिने यंत्र घेऊ नये. शाळा, क्रिकेटचे संघ, मंडळे, दुकाने यांच्याकडे जाऊन मागणी गोळा करावी, छपाई इंदुरातून करून घ्यावी आणि प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवावी: नग किती, रंग किती, कापड कोणते, पैसे केव्हा आले. डीटीएफची छापील फिल्मही तयार मिळते. मग घरी केवळ उष्ण दाबाचे यंत्र पुरते. नमुन्याचा एक टी-शर्ट स्वतः वापरून पाच-सहा वेळा धुवावा, आणि मगच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा. तीन महिन्यांनी कोणते यंत्र घ्यावे, हे ती वहीच सांगेल. कर्ज लागलेच तर २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ वर्गात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. परंतु ते कर्ज आहे, देणगी नव्हे.

आणखी दोन गोष्टी. शाई, द्रावणे व तापलेल्या भुकटीचा धूर यांपासून लहान मुलांना दूर ठेवावे. काम हवेशीर जागीच करावे. आणि प्रसिद्ध चित्रपटांची चित्रे वा नामांकित कंपन्यांची चिन्हे परवानगीवाचून छापू नयेत. शेजाऱ्याच्या मळ्यातले कणीस तोडणे जशी चोरी, तशीच हीही चोरी; ती कायद्यातही बसत नाही आणि सदसद्विवेकबुद्धीलाही पटत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आधी शिदोरी मग जेजुरी. मुलाचा उत्साह आईबापांनी मोडू नये. त्याच्या हाती आधी वही द्यावी. वही भरली की यंत्र घेण्यास उशीर होत नाही. आणि ती कोरीच राहिली, तर आईच्या पाटल्या निदान तिच्या हातात राहतात.