चालविणारा हात आणि थांबविणारा हात

आपल्या व्यापारी बंधूंचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या धान्याची पोती, तोलकाटा आणि रोजकीर्द यांच्याशी आला. परंतु माळव्यात १९७० नंतर सोयाबीनचा पेरा वाढत गेला, तसे काही पेढ्यांचे भांडवल तेल काढण्याच्या कारखान्यांकडेही वळले. असा कारखाना उभारताना अभियंते जो खर्चाचा अंदाज पुढे ठेवतात, त्यात नियंत्रणाच्या दोन रकमा निरनिराळ्या दाखविलेल्या असू शकतात : एक कारखाना चालविणाऱ्या यंत्रणेची आणि दुसरी धोक्याच्या क्षणी तो बंद पाडणाऱ्या यंत्रणेची. एकाच यंत्राने दोन्ही कामे होत असतील, तर दुहेरी खर्च कशाला, असा प्रश्न हिशेबी माणसास पडणे स्वाभाविक आहे. त्याचेच उत्तर आम्ही येथे व्यापाऱ्याच्या भाषेत देऊ इच्छितो.

पहिल्या यंत्रणेस 'डी. सी. एस.' म्हणतात. तिचे काम अनेक नियंत्रकांत वाटून दिलेले असते व सर्वांची खबर एका दालनातील पडद्यावर दिसते. हनीवेल व योकोगावा या कंपन्यांनी १९७५ साली अशा यंत्रणा बाजारात आणल्या. उष्णता, दाब, पातळी व प्रवाह ठरलेल्या मर्यादेत राखणे हे तिचे नित्याचे काम. दुसरी यंत्रणा म्हणजे सुरक्षा-नियंत्रक. तो एरवी गप्प असतो. मर्यादा ओलांडली गेली की झडपा मिटवितो, पंप थांबवितो.

तेलाच्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. सोयाबीनमधील तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात, मग वाफेच्या उष्णतेने हेक्झेन उडवून थंड पाण्याच्या योगे ते पुन्हा द्रवरूप करतात. हेक्झेनची वाफ हवेहून सुमारे तिप्पट जड असते व हवेत १ टक्क्याहून किंचित अधिक मिसळली तरी ठिणगीने पेट घेते. थंड पाणी बंद पडले आणि वाफेचा पुरवठा चालूच राहिला, तर ही ज्वालाग्राही वाफ बाहेर पडू लागते. वाफ कमीअधिक करणे हे डी. सी. एस.चे काम, पाणी गेल्याबरोबर वाफ तोडणे हे सुरक्षा-नियंत्रकाचे. यासाठी हवेच्या दाबाने उघडी राहणारी व दाब जाताच स्प्रिंगने आपोआप मिटणारी झडप वापरतात. म्हणजे वीज गेली किंवा तार तुटली, तरी परिणाम सुरक्षित बाजूसच होतो.

आता दोहोंची फारकत कशासाठी? जो मुनीम जमाखर्च लिहितो, त्यानेच तो तपासावा अशी व्यवस्था कोणतीही जाणती पेढी ठेवीत नाही. मुनीम अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. एकाच डोळ्याची चूक त्याच डोळ्यास दिसत नाही म्हणून. डी. सी. एस.चा पातळीमापक अडकला आणि सुरक्षा-नियंत्रकही त्याच मापकावर विसंबला असेल, तर दोघेही एकदमच फसतात. म्हणून मापक, नियंत्रक व झडप ही तिन्ही वेगळी ठेवावीत, असा जाणकारांचा दंडक आहे. आय. ई. सी. ६१५११ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली निघाले. त्यानुसार साध्या नियंत्रण-यंत्रणेमुळे धोका १० पटींहून अधिक घटतो असे धरता येत नाही. त्यापुढील भार स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणेने उचलावयाचा असतो.

तथापि नुसती फारकतही पुरेशी नाही. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात ११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात होते. पातळीमापक एका जागी अडकला. पेट्रोल चढत असता पडद्यावरील आकडा मात्र हलेना. अतिपातळीचा स्वतंत्र स्विच होता, परंतु त्याच्या चाचणीच्या दांड्यास आवश्यक ते कुलूप लावलेले नसल्याने तो निकामी होता. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल सांडले, सकाळी सहाच्या सुमारास भीषण स्फोट झाला व ४० हून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती म्हणूनच प्राणहानी टळली.

यावरून दोन्ही यंत्रणांत बोलणे का हवे हे कळते. सुरक्षा-नियंत्रकाने आपली मापे, झडपांची स्थिती व कोणती सूचना केव्हा निघाली ही खबर डी. सी. एस.ला द्यावी. दोन मापकांच्या आकड्यांत अंतर पडताच घंटा वाजावी. दोहोंची घड्याळे एक असावीत, म्हणजे प्रथम काय बिघडले हे मागाहून उमगते. परंतु ही वाट मुख्यतः एकेरी असावी : खबर जावी, हुकूम येऊ नये. मधली तार तुटली, तरी थांबविण्याचे सामर्थ्य अबाधित राहावे. दुरुस्तीसाठी एखादी सुरक्षा तात्पुरती दूर ठेवणे भाग पडले, तर ते किल्लीने, ठराविक मुदतीपुरते व नोंदवहीत लिहूनच व्हावे.

या दक्षतेचे महत्त्व २०१७ साली सौदी अरबस्तानातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात प्रत्ययास आले. दूरच्या घुसखोरांनी संगणकांच्या जाळ्यातून वाट काढीत सुरक्षा-नियंत्रकाच्या आज्ञावलीला हात घातला. नियंत्रकावरील किल्ली 'चालू' ऐवजी 'आज्ञा बदला' या खुणेवर राहिली होती, म्हणून त्यांना ते साधले. त्यांच्याच आज्ञावलीतील दोषाने नियंत्रकांस विसंगती जाणवली व कारखाना सुरक्षितपणे बंद पडला. म्हणून कट उघडकीस आला. या प्रकारास 'ट्रायटन' हे नाव पडले. यंत्रणा उत्तम असूनही एका किल्लीच्या जागेने केवढा अनर्थ ओढवू शकला असता!

तेव्हा ज्या बंधूंचे भांडवल अशा कारखान्यांत आहे, त्यांनी अभियंत्यांस चारच प्रश्न विचारावेत. दोहोंचे मापक व झडपा वेगळ्या आहेत काय? मधली तार तुटल्यास थांबविणारा हात शाबूत राहतो काय? नियंत्रकाची किल्ली कोणाच्या ताब्यात असते? आणि शेवटची प्रत्यक्ष चाचणी केव्हा झाली? ज्याचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही, ते काम झालेच नाही असे समजावे. या दुसऱ्या रकमेवर सूट मागण्यापूर्वी एवढे ध्यानी धरावे की, गुदामातील माल गेला तर विम्याने भरून येतो. यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य कोणत्याही खतावणीत परत जमा होत नाही.