तांब्याभर पाणी, अर्धा चमचा मीठ

मृगाचा पहिला पाऊस पडला की आपल्या औसा तालुक्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शेतात पेरणीची घाई आणि दवाखान्यात ढाळ-वांतीच्या रुग्णांची रांग. उन्हाळाभर आटलेल्या विहिरीत नवे गढूळ पाणी उतरते, माश्या वाढतात आणि चार दिवसांत घरातले लहान लेकरू आडवे पडते. मी चौतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून याच तालुक्यात नोकरी केली. २०२१ मध्ये निवृत्त झाले, तरी अजूनही पावसाळ्यात भल्या पहाटे दाराची कडी वाजते.

"शिस्टर, उठा की. पोराला रातच्यापासून धा-बारा ढाळ झालेत. सलाईन लावावं लागंल का?"

मी आधी एकच विचारते, "पाणी पाजलं का?"

"न्हाई बाई. पानी दिलं की ढाळ वाढत्यात ना!"

या एका वाक्याशी माझे जुने वैर आहे. ते का, हे आज वाचकांना सांगावेसे वाटते.

बाहत्तर सालची गोष्ट

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. माय-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, ती माय पदरात बांधून घरी आणायची. घरी मी, आजी आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ. आडाला पाणी नव्हते. ओढ्यात झरा खोदून वाटी-वाटीने घागर भरायची, तेच प्यायचे.

एके दिवशी भावाला ढाळ लागले. तो सारखा 'पानी, पानी' म्हणायचा. आजी म्हणाली, "पोट बंद होऊ दे, मग देऊ." आजीचे नातवावर प्रेम कमी नव्हते. तिला तिच्या सासूने हेच सांगितले होते. मला तिने घागरीपाशी बसवले आणि बजावले, त्याला पाणी द्यायचे नाही. मी दिले नाही. माय कामावरून आली तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, ओठ वाळले होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पुढे नोकरीआधीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवले, की ढाळ लागलेले मूल ढाळांनी मरत नाही, अंगातले पाणी व क्षार संपल्याने मरते. १९८७ साली नोकरीवर रुजू होण्याआधी घरी आले तेव्हा मायला हे सांगितले. ती भाकरी थापीत होती. तिचा हात थांबला. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मंग त्याला पानी द्यायला पायजे हुतं का?" मी काही बोलू शकले नाही.

औषध आपल्याच घरात

आपले आतडे आजारी असले तरी एक काम करीत राहते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की साखर मिठाला आपल्याबरोबर आत नेते आणि त्यांच्यामागे पाणी आत ओढले जाते. नुसते पाणी दिले तर तेवढे शोषले जात नाही. साखर जास्त झाली तर ढाळ वाढतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचे.

१९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस रुग्णांवर उपचार करीत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत तयार करून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच ते पाजायला सांगितले. अशा साथीत शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत. तेथे हे प्रमाण तीन-चारांवर आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आतड्यात साखर मिठाला आपल्याबरोबर आत नेते, हा शोध शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचे लिहिले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

१९७१ मध्ये हे औषध बनगावला वापरले गेले होते. १९७२ मध्ये आमच्या गावापर्यंत पोचले नव्हते. कपाटातले औषध नव्हे, नुसती माहिती पोचायची होती.

कसे करावे?

एक लिटर उकळून थंड केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. चमचा शिगोशीग भरू नये, बोटाने वरून सपाट करावा. मग स्वतः चव घ्यावी. ते आसवांपेक्षा जास्त खारट लागता कामा नये. खारट लागले तर फेकून द्यावे व नवे करावे. जास्त मीठ लेकराला घातक असते.

एक लिटरचे माप घरी नसेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन घ्यावी. तिच्याने एकदा घरचा तांब्या किंवा पातेले मोजावे आणि पाणी जिथवर येईल तिथे खिळ्याने खूण करावी. मग रात्री घाईत अंदाज करावा लागत नाही. तयार केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. सगळा खर्च दोन-तीन रुपयांचा.

आशाताईंकडे, उपकेंद्रात व सरकारी दवाखान्यात ओआरएसची पाकिटे मोफत मिळतात. ती घरच्या मिश्रणापेक्षा सरस, कारण त्यात पोटॅशियमही असते. पाकीट मिळाले तर तेच वापरावे. ते मिळेपर्यंत घरचे पाणी सुरू करावे. पाकिटात वरून साखर किंवा मीठ घालू नये.

किती आणि कसे पाजावे?

दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक ढाळेनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला मागेल तेवढे. चमच्या-चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्याने सुरू करावे. "ओकतंय म्हणून बंद केलं" असे करू नये. ओकारीतून सगळेच बाहेर पडत नाही.

अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूध आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस, बाकी काही नको. मोठ्या मुलाला भाताची पेज, वरण, मऊ खिचडी, ताक, केळे द्यावे. उपाशी ठेवू नये. बाटलीबंद गोड पेये व घट्ट साखरेचे सरबत टाळावे. ढाळ बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना मनाने देऊ नयेत. दोन महिन्यांपुढील मुलांना चौदा दिवस झिंकची गोळी देतात. तीही मोफत असते, आशाताईंना विचारावे. दोन दिवसांत ढाळ थांबले म्हणून ती सोडू नये.

एक सूचना. हे आजारातले पाणी आहे, रोजचे सरबत नव्हे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दवाखाना केव्हा?

काटकसर म्हणजे दवाखाना टाळणे नव्हे. मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसू लागली, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, किंवा घोटभर पाणीही टिकेना, तर एक क्षणही घालवू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाला तर सरळ दवाखान्यातच न्यावे. अशा वेळी सलाईन लागते आणि ते जीव वाचवते. वाटेत गाडीतही चमच्याने पाणी चालू ठेवावे.

जुने लुगडे, उन्हातली बाटली

आजार येऊच नये यासाठी पिण्याचे पाणी सांभाळावे. आपल्याकडे पाण्याची किंमत कुणाला सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले आहे. टंचाईत माणूस मिळेल ते पाणी भरतो आणि आठ-आठ दिवस साठवतो. धोका तिथेच असतो.

आपल्या आज्या लुगड्याच्या फडक्याने पाणी गाळीत. त्याला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला होता. धुऊन-धुऊन मऊ झालेल्या कापडाचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात, म्हणून नव्यापेक्षा जुने बरे. निदान चार पदरी घडी घालावी. गाळून झाले की फडके धुऊन कडक उन्हात वाळवावे. मात्र गाळण्याने सगळेच जंतू जात नाहीत. तुरटीनेही पाणी निवळते, शुद्ध होत नाही. म्हणून गाळलेले पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. संध्याकाळी भाकरी झाल्यावर चूल पेटती असते तेव्हाच पातेले ठेवले की वेगळे सरपण लागत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक फुकटचा उपाय आहे. दोन लिटरपर्यंतची रंग नसलेली, पारदर्शक प्लास्टिकची बाटली गाळलेल्या नितळ पाण्याने भरून पत्र्यावर कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. पावसाच्या झडीत मात्र उकळणेच बरे.

रांजणात हात किंवा पेला बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे.

हातांचे काय?

शौचानंतर, लेकराचे शी-शू आवरल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. साबणाचे उरलेले तुकडे फाटक्या पायमोज्यात घालून न्हाणीपाशी टांगावेत. ते विरघळत नाहीत आणि पोरेही नेत नाहीत. पाणी कमी असेल तर तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याला खिळ्याने छिद्र पाडून तो टांगावा. छिद्रात काडी खोचावी, काढली की धार येते. पेलाभर पाण्यात दोघांचे हात निघतात.

मायचा तांब्या

माझी माय शिकलेली नव्हती. त्या संध्याकाळी तिने भाकऱ्या आवरल्या आणि मला म्हणाली, "पुन्हा एकदा सांग, किती मीठ, किती साखर." मी सांगितले. तिने पितळी तांब्यावर खिळ्याने खूण करून घेतली. पुढे आमच्या गल्लीत कुणाचे लेकरू ढाळले, की माय तो तांब्या घेऊन दारात उभी राहायची. सुनांना हाताला धरून शिकवायची. सासवा म्हणत, "पानी देऊ नको." माय कधी त्यांच्याशी भांडली नाही. "म्या दिलं नव्हतं," एवढेच म्हणायची, आणि चमचा लेकराच्या तोंडाला लावायची.

तो तांब्या आज माझ्याकडे आहे. वाचकहो, आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरच्या एका तांब्यावर अशी खूण करून ठेवा. आणि घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीलाही हे प्रमाण पाठ करून घ्या. घागरीपाशी पुष्कळदा तीच बसलेली असते.