पहिला पाट

हौसेने सुतारकाम शिकू पाहणारा गृहस्थ बहुधा टेबलापासून आरंभ करतो. माझे म्हणणे, आरंभ पाटापासून करावा. एक फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. पण लाकडाचा मुख्य स्वभाव तेथेच कळतो.

लाकूड हवेतला ओलावा घेते नि सोडते. घेतला की फुगते, सोडला की आकसते. मात्र रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, हा फरक जवळजवळ नसतोच; सारा खेळ रुंदीत. ओला साग पुरता सुकेपर्यंत रुंदीत, फळी कशी कापली आहे त्याप्रमाणे, शेकडा अडीच ते सहापर्यंत आटतो. वाळलेली फूटभर रुंद फळीसुद्धा पावसाळा-उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर हलते.

आता पाटाकडे पाहू. फळी रुंदीत आकसू लागते. तिला आडवी बसलेली पट्टी आपल्या लांबीत आकसत नाही. दोन्ही सरस लावून, खिळे ठोकून जखडली तर चैत्रात फळी तडकते, आणि दोष मात्र वखारवाल्याच्या माथी! कसबी सुतार फळीला तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद अशी खाच पाडून पट्टी तीत सरसाशिवाय सरकवतो. नवशिक्याच्या पटाशीला ते झेपायचे नाही. त्याने खालून स्क्रू मारावेत : पट्टीतले मधले भोक गोल, कडेची दोन पट्टीच्या लांबीकडे लांबट. कडेचे स्क्रू बेताने आवळावेत, सरस मुळीच लावू नये. मग फळीला हलायला वाट राहते.