बेटकुळी दिसेना, तरी ताकद वाढली!

बाही वर करा बघू. आता मूठ आवळून हात कोपरात वाकवा. दिसली का बेटकुळी? एवढीशीच? असू दे. तिचीच तर गंमत सांगायचीय!

मल्लखांब शिकायला नवं आलेलं पोर पहिल्या दिवशी खांबाला मिठी मारतं आणि सर्रकन खाली येतं. लाकूड गुळगुळीत, त्यात एरंडेल चोळलेलं! दोनेक महिन्यांनी तेच पोर अढी घालून वर चढतं, डोकं खाली करतं आणि तिथून आपल्याकडे बघून हसतं. आता टेपने त्याचा दंड मोजा. जवळजवळ तेवढाच! मग ताकद आली कुठून?

मेंदूतून! स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. मेंदू मज्जातंतूंवरून हुकूम सोडतो, "ओढा रे!" पण सुरुवातीला सगळे तंतू ओढतच नाहीत. रस्सीखेचीत काही जण नुसता दोर धरून उभे असतात ना, तसं. सराव झाला की जास्त तंतू एका तालात ओढू लागतात. लहानपणी ताकद मुख्यतः अशीच वाढते. बेटकुळी नीट फुगते ती वयात आल्यावर.

आणि मनाचं काय? भरपूर पळलं की रक्तात एक रसायन वाढतं. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली ते डुकराच्या मेंदूत शोधलं आणि नाव ठेवलं 'आनंदमाइड'. हो, संस्कृतातल्या 'आनंद'वरूनच! घामाघूम झाल्यावर छान वाटतं, त्यात याचाही हात असावा.

शिवाय पेपरच्या आधी छाती धडधडते ना? रोज खेळणाऱ्याला ही धडधड ओळखीची असते. येते, आणि जरा दम घेतला की जाते!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं जरा दम लागेल असं खेळावं. त्यात आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारं काहीतरी हवं. झाडावर चढा, दोरीच्या उड्या मारा, सूर्यनमस्कार घाला.

एक प्रयोग करा. मोठं माणूस जवळ असताना मैदानातल्या दांड्याला लोंबकळा. कितीपर्यंत अंक मोजून झाले आणि नंतर मन कसं होतं, ते वहीत लिहा. महिन्याने आकडा वाढला, तर शाबासकी दंडावर नको. डोक्यावर थोपटा!