'डाउट' म्हणजे नेमकी कोणती शंका?

भोकर, प्रतिनिधी

मराठीतील 'शंका' हा शब्द तीन कामे करतो. शिक्षकांना विचारायचा प्रश्न म्हणजे शंका, एखाद्या गोष्टीवर विश्वास न बसणे म्हणजे शंका आणि काहीतरी घडणार, असा अंदाज येणे म्हणजेही शंकाच. इंग्रजीतील 'डाउट' या क्रियापदाचा आजचा प्रमाण अर्थ मात्र यांपैकी दुसरा. 'असे होईल, असे वाटत नाही' हा त्याचा आशय. हा भेद न पाळल्यास वाक्याचा अर्थ थेट उलटा होतो.

भोकर परिसरातील शेतकऱ्याचेच उदाहरण घेऊ. सोयाबीनची रास उघड्यावर असताना तो 'पाऊस येईल अशी शंका आहे' म्हणतो, तेव्हा रास झाकण्याची घाई त्यात असते. तेच वाक्य मराठी न जाणणाऱ्या व्यापाऱ्याला 'आय डाउट इट विल रेन' असे सांगितले, तर तो 'पाऊस येणार नाही' असे समजून निर्धास्त राहील. येथे 'आय सस्पेक्ट इट विल रेन' हे वाक्य योग्य ठरते.

पारख सोपी आहे. मराठी वाक्यात 'बहुतेक' हा शब्द बसत असेल, तर 'सस्पेक्ट' वापरावे. 'मला नाही वाटत' हे शब्द बसत असतील, तर 'डाउट'. वर्गात प्रश्न विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हणण्याची पद्धत भारतभर रूढ आहे. परदेशातील प्राध्यापकाला मात्र विद्यार्थ्याचा आपल्या विधानावरच विश्वास नाही, असे वाटू शकते. तेथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणणे श्रेयस्कर.

मराठी माणसाचा हा घोटाळा अगदीच जगावेगळा नाही. जुन्या इंग्रजी वापरात 'डाउट'ला भीती वा अंदाज हा अर्थही होता. स्कॉटलंडमधील बोलीत तो आजही आढळतो; तेथे 'आय डाउट' म्हणणारा पाऊस येणार असेच सुचवत असतो. या शब्दातील अनुच्चारित 'बी' हे अक्षरही लॅटिन मूळ दाखविण्यासाठी विद्वानांनी नंतर घातले.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. स्पेलिंग आणि एकेका शब्दाचा एकेक अर्थ पाठ होतो. पण मुलाखतीत वा अर्जात अडचण येते ती अशा दुहेरी शब्दांपाशी. म्हणूनच शब्दार्थाऐवजी पूर्ण वाक्य पाठ करणे अधिक उपयुक्त, याविषयी दुमत नसावे.